थैली पुढं गेली, मी मागनं

माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी वैजापूरला माझ्या थोरल्या बहिणीनं चहा सोडला. देवीपुढं हात जोडून बोलली, "धाकटी माझ्या घरी येऊन माझ्या ताटात जेवंल, तवाच चहा तोंडाला लावीन." देवीपर्यंत ते पोचलं का नाय माहीत नाय, पण तिच्या सुनेला मात्र त्याच दिवसापासून भोगावं लागलं. आक्काला दिवसाला सहा कप चहा लागायचा. चहा सुटला तसं तिचं डोकं धरायला लागलं, आणि डोकं धरलं की आक्का काहीतरी धुवायला काढते.

तशी ती पहिल्यापासूनच धुणारी. दुधाची पिशवी साबणानं धुणार. दळण घेऊन गेली तर गिरणीवाल्याला आधी गिरणी पुसायला लावणार. एसटीनं पाहुणा आला तर तो आधी मोरीत जाणार, हातपाय धुणार, मग बैठकीत बसणार, मग तो जावई असू दे नायतर पुढारी. पण चहा सुटल्यावर लई वाढलं. सूनबाईचा मला दर आठ दिवसाला फोन. "मावशी, तब्येत कशी हाय?" मला वाटायचं, किती माया. एक दिवस मात्र तिचा धीर सुटला. "मावशी, या ना हो तुम्ही एकदा. आईंनी काल माठ आतनं साबण लावून घासला. पाण्याला फेस येतोय."

आम्हा बहिणींचं लहानपणापासून असं, की किती का दिवसांनी भेटंना, पहिलं जेवण एका ताटात. घरात ताटं कमी होती तवा सुरू झालं असंल. पुढं ताटं झाली, सवय राहिली. दोघींची लग्नं झाली, लेकरं झाली, लेकरांची लेकरं झाली, तरी मी वैजापूरला गेले की आक्का एकच ताट वाढायची आणि पहिला घास मोडून माझ्याकडं सारायची.

आता खरी गोष्ट सांगते. आक्काला मी एवढंच कळवलं होतं की पोटाचं ऑपरेशन झालं. पुढचं बोलले नव्हते. आतड्याचा खराब तुकडा डॉक्टरांनी काढला, आणि राहिलेल्या आतड्याचं तोंड बेंबीच्या डाव्या अंगाला पोटावर आणून शिवलं. त्याला स्टोमा म्हणतात. सगळ्यांचं जे मागनं जातं ते माझं पुढनं येतं. येताना विचारत नाय, थांब म्हटलं तर थांबत नाय. म्हणून तिथं एक चकती चिकटवायची आणि त्या चकतीला पिशवी बसवायची, डब्याला झाकण बसवतात तशी कट्‌ आवाज होईस्तोवर. पिशवी भरली की संडासात जाऊन खालनं रिकामी करायची. चकती तीन-चार दिवसांनी बदलायची. शिकायला मला दीड महिना लागला, रडायला त्याच्या आधीचा एक.

आमच्या ह्यांनी त्याला नाव ठेवलं, साहेब. छत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस. म्हणाले, "अगं, ह्याचं आमच्या साहेबासारखंच हाय. कधी येईल सांगता येत नाय, आल्यावर सगळी कामं सोडून उभं राहावं लागतं, आणि मीटिंगमध्ये नेमका आवाज करतो." तेव्हापासून घरात तीच बोली. साहेब बोलले. साहेब आज शांत हायत. साहेबांना काल मेथी मानवली नाय.

पण आक्काला हे कसं सांगायचं? जी बाई माठ आतनं घासते, तिला कोणत्या तोंडानं सांगू की मी शौच पोटावर बांधून फिरते? सांगितलं आणि तिनं ताट वेगळं केलं तर? ती म्हणाली असती, "आजारी हायस, तुला वेगळं वाढते," आणि मला कळलं असतं. आणि न सांगता तिच्या ताटात जेवले तर ती नवसाची फसवणूक होईल. ह्याच विचारात आठ महिने काढले. आठ महिन्यांत पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाड्याच्या पलीकडं मी गेले नव्हते. लोकांना म्हणायचे, टाके ओले हायत.

दिवाळी झाली, थंडी पडली, सूनबाईचा फोन आला. म्हणाली, आता आई मीठ धुवायचा विचार करतायत. मी ह्यांना म्हटलं, "चला. जाऊ."

तयारी मी अशी केली की लढाईला जावं. दोन दिवसांचा मुक्काम, मी घेतल्या दहा पिशव्या आणि पाच चकत्या. घरात होत्या तेवढ्या सगळ्या. शिवाय लहान कात्री, ओले रुमाल, जुने पेपर, आणि आक्कासाठी नारळ. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, आजी, बाहेर जाताना एक जोड तरी स्वतःच्या पर्समध्ये ठेवायचा. मी म्हटलं, सगळं एका जागी असलं म्हणजे सापडतं. सगळं औरंगपुऱ्यातल्या साडीच्या दुकानाच्या लाल थैलीत भरलं. पर्समध्ये ठेवली खडीसाखर. आणि आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवले नाय. पोटात काही नसलं की साहेब काय काढतील, असं माझं गणित. सिस्टरनं ह्याबद्दलही सांगितलं होतं, की रिकाम्या पोटी वारा जास्त होतो. पण सिस्टरचं वय केवढं आणि माझं केवढं.

संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्टँडवर पोचलो तर नाशिकची गाडी लागलेली, वैजापूरवरून जाणारी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीला जत्रेसारखी गर्दी. आता एसटीत सीट धरायची म्हणजे खिडकीतनं काहीतरी आत टाकायचं, हे आमच्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाय. कुणी रुमाल टाकतं, कुणी टोपी टाकतं, मी एकानं पायातली चप्पल टाकलेली पण पाहिली हाय. ह्यांच्या खिशात रुमाल होता. पण हे म्हणाले, "रुमालाला आजकाल कुणी जुमानत नाय." आणि मी "अहो" म्हणेपर्यंत ह्यांनी हात उंच करून लाल थैली खिडकीतनं आत सोडली. बाहत्तराव्या वर्षी नेम असा, की थैली बरोबर सीटवर जाऊन बसली, उभी.

"झाली सीट," हे म्हणाले. तोंडावर असं समाधान जसं काय नाशिकला प्लॉट घेतला.

तेवढ्यात मला पोटावर ताण लागला. हात लावून पाहिलं तर पिशवी फुगलेली, फुग्यासारखी. "मी आले," म्हटलं आणि बायकांच्या संडासाकडं गेले. तिथं ही रांग. आत जाऊन बघते तर नुसता वारा. सिस्टरची आठवण आली. वारा सोडला, पदर नीट केला, बाहेर आले. हे संडासाच्या दाराकडं पाठ करून भिंतीवरची नोटीस वाचत उभे. बायकांच्या संडासापाशी उभं राहायचं तर गड्यानं भिंतच वाचली पाहिजे, ते बरोबरच हाय. पण समोर फलाट मोकळा.

"गेली?" मी विचारलं.

"कोण?"

"गाडी."

हे वळले, बघितलं. मग म्हणाले, "पण आपली सीट धरलेली हाय."

चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. आतल्या माणसाला हे म्हणाले, "आमचं सामान गेलं पुढं."

"कुठं उतरणार सामान?"

"वैजापूर."

"मग उतरंल की. तुम्ही मागच्या गाडीनं जा, पाऊण तासात लागती."

मी बाकावर बसले. घरी परत जावं तर घरात एक पिशवी नाय, सगळा माल थैलीत. औरंगपुऱ्यातलं मेडिकलवालं आज सांगितलं तर परवा आणून देतं. अंगावर होती ती एक चकती, तीन दिवसांची जुनी, आणि मला घाम सुटलेला. म्हणजे थैलीच्या मागं जाण्याशिवाय गत नव्हती. मी इतके दिवस घाबरत होते ते निघायला. आता कळलं, परत फिरायला तर जागाच नाय.

ह्यांनी सूनबाईला फोन लावला. "नाशिकच्या गाडीत खिडकीपाशी लाल थैली बसलेली हाय. तेवढी उतरवून घे. नायतर ती नाशिकला जाईल."

पलीकडनं सूनबाई म्हणाली, "आणि तुम्ही?"

"आम्ही मागनं येतो."

दुसऱ्या गाडीत मला जागा मिळाली खिडकीपाशी. शेजारी बुरख्यातली एक खाला, माझ्याच वयाची, पायाशी चार खोके. बांगड्यांचा धंदा होता तिचा, बाजाराला निघाली होती. हे मागं उभे. माळीवाडा सोडला, गार वारा लागला, जरा बरं वाटलं. आणि साहेब बोलले.

आवाज कसा सांगू. कोंबडी अंड्यावर बसलेली असते, तिच्याजवळ हात नेला की ती घशातनं कशी बोलते, तसा. लांब. कंडक्टर तिकिटं देत आमच्या सीटपाशी आलेला. थांबला.

"कोंबडी कुणाची हाय?"

सगळे आपापल्या पायाशी बघायला लागले.

"तिकीट लागतंय कोंबडीला. लपवून न्यायची नाय." त्यानं खोक्यांकडं बघितलं, मग खालाकडं. "खाला, खोके खोला."

"मेरे पास मुर्गी कायको आती? चूडियाँ हैं, काच की."

"मग आवाज कशाचा आला?"

"अब चूडियाँ क्या अंडे देतीं?"

गाडी हसली. कंडक्टरला ते लागलं. तो खाली वाकला आणि वरच्या खोक्याची पट्टी सोडवायला लागला. खाला म्हणाली, "फूटे तो तुम भरना, मियाँ." मी खिडकीतनं बाहेर बघत होते. खरं सांगते, मी बघत होते. एका गरीब बाईचे खोके माझ्यामुळं उसवले जात होते आणि मी ऊस बघत होते. आणि कंडक्टरचं डोकं माझ्या पोटाच्या उंचीला आलं असताना साहेब परत बोलले.

कंडक्टर तसाच वाकलेला वर बघून म्हणाला, "आत्ता बोलली. ऐकलं का नाय?"

मी म्हटलं, "दादा, सोडा तिचे खोके. ती कोंबडी माझ्या पोटात हाय."

"खाऊन आलात?"

आता ह्याला काय सांगावं. मी त्या दोघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगितलं. ऑपरेशन, आतडं, पिशवी. डॉक्टर सोडून परक्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं, ते पण एसटीच्या कंडक्टरला. तो सरळ उभा राहिला. टोपी नीट केली. जरा विचार केला आणि म्हणाला, "मग तिकीट लागत नाय." आणि पुढं गेला.

खाला माझ्याकडं वळली. "दुखता क्या बाजी?"

"नाय."

"फिर कायको परेशान होते? मेरे मियाँ बिना आपरेशन के ऐसेच बजते थे, तीस साल."

मी हसले. लई दिवसांनी पोट धरून हसले, आणि तिथंच चूक झाली. पोट हललं आणि चकतीचा खालचा कोपरा सुटला. कमरेपाशी गरम ओलं लागलं. लुगडं नाय भिजलं अजून, पण भिजणार. मी खालाचा हात धरला. तिनं तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"पिन देऊँ?"

"पिन नको, भोक पडंल."

तिनं एका खोक्यातनं चिकटपट्टीचं रीळ काढलं, खाकी, खोक्याला लावतात ती. बुरख्याची बाजू उचलून माझ्यापुढं तंबूसारखी धरली. दातानं पट्टी तोडायची आणि मला द्यायची. चालत्या गाडीत, खड्ड्यांतनं, मी चकतीच्या चारी बाजूंनी पट्टी लावली, एकीवर एक, आठ-नऊ तरी. ती पट्टी कोरी नव्हती. तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं, ‘काचेचे सामान, जपून’, आणि पुढं एक पेल्याचं चित्र. माझं सगळं पोट त्यानं भरलं.

खालानं तपासलं, आणि बुरखा खाली सोडला. "अब तुम पारसल हो गए. उलटे मत होना."

लासूर स्टेशनला थोडे लोक उतरले, ह्यांना माझ्या पुढच्या सीटवर जागा मिळाली. आणि ह्यांचा फोन वाजला. सूनबाई. ती आणि आक्का, दोघी वैजापूरच्या स्टँडवर पोचलेल्या. आक्काचे गुडघे असे की ती वर्षभर गल्लीबाहेर पडलेली नव्हती, तरी रिक्षा करून आलेली. थैली सापडली होती, कंट्रोलरच्या टेबलावर ठेवलेली होती, पण तो द्यायला तयार नव्हता. थैली कुणाची, आत काय हाय, लेखी द्या म्हणे.

लेखी म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा जो फुलला. रिटायर झाल्यापासून कुणी ह्यांच्याकडं अर्ज मागितला नव्हता. ताठ बसले, घसा साफ केला.

"लिही. प्रति, मा. वाहतूक नियंत्रक साहेब. विषय, बसमध्ये राहिलेली लाल थैली परत मिळणेबाबत. लिहिलं? महोदय. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर थैलीत माझ्या पत्नीच्या पोटावर लावावयाच्या शौचाच्या पिशव्या, नग दहा." रेंज जात होती. ह्यांनी आवाज चढवला. "शौचाच्या. शहामृगातला श. शौचाच्या. नग दहा."

मी मागनं ह्यांचा सदरा ओढला. हे म्हणाले, "थांब, मजकुरात अडथळा नको."

पुढच्या सीटवरचे एक फेटेवाले मागं वळले. "शौचाच्या नका लिवू. वैद्यकीय लिवा."

"वैद्यकीय लिहिलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागतील," पलीकडची एक बाई म्हणाली. हातात वह्यांचा गठ्ठा, मास्तरीण असावी. "आणि राहिलेली नका म्हणू. गहाळ झालेली म्हणा."

"गहाळ कशी? कुठं हाय ते माहीत हाय की."

"मग अनवधानाने राहिलेली."

"अनवधानाने नाय," हे म्हणाले. "सीट धरण्यासाठी ठेवलेली."

कंडक्टर मागनं ओरडला, "कोऱ्या लिहा आधी. कोऱ्या, न वापरलेल्या. नायतर तो हात लावणार नाय, पंचनामा करंल."

सगळ्या गाडीला ते पटलं. "कोऱ्या," हे फोनमध्ये म्हणाले, "कंसात, न वापरलेल्या." आणि तेवढ्यात फोनमधनं मला आक्काचा आवाज ऐकू आला. स्पीकर चालू होता.

"कसल्या पिशव्या म्हणतंय ते?"

आणि सूनबाईचा, स्पष्ट, "आई, मावशींच्या पोटाच्या. मावशींना पोटावर पिशवी लावलीय, त्यात होतं त्यांना."

आणि रेंज गेली.

आठ महिने जे जपलं ते अर्जातल्या एका ओळीत गेलं. गाडीतले लोक आपापसात बोलायला लागले, कुणाच्या साडूला असंच होतं, कुणाच्या मामाला. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला एकच दिसत होतं, आक्का दोन ताटं काढतेय. खाला मध्येच म्हणाली, "कौन थी वो?" मी म्हटलं, "बडी बहन." ती माझ्या हातावर हात ठेवून बसली, वैजापूर येईस्तोवर.

स्टँडवर उतरलो. आक्का नाय. सूनबाई नाय. कंट्रोलरच्या खोलीत हे डोकावून आले. "अर्ज मंजूर झाला," म्हणाले. "थैली घेऊन गेल्या." मी म्हटलं, "आपल्यासाठी थांबल्या नायत." ह्यांनी रिक्षाला हात केला.

रिक्षा आक्काच्या गल्लीत वळली आणि मला लांबनंच दिसलं. घरापुढच्या अंगणात दोरीवर, एका अंगाला हिरवं लुगडं, एका अंगाला भाच्याची पँट, आणि मधे चिमट्यांनी लावलेल्या माझ्या दहाच्या दहा पिशव्या. ओळीनं. वाऱ्यावर हलत होत्या. शेजारची बाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती.

आक्का पायरीवर बसलेली. मी फाटकातच थांबले. आत पाय टाकायचं धाडस होईना.

"आक्का, तुला कळलं ना?"

"मला कशाला, सगळ्या स्टँडला कळलं. तुझ्या नवऱ्यानं हिला दोन पानं लिहायला लावली."

"पानं वाढली ती दुरुस्त्यांमुळं," हे म्हणाले.

"पाव्हणं, तुम्ही गप बसा. तुम्ही औषधाची थैली खिडकीतनं फेकता."

मी म्हटलं, "आक्का, कोऱ्या होत्या त्या. वापरलेल्या नव्हत्या. तू का धुतल्या?"

"म्हणजे? एसटीच्या सीटवर बसून आल्या की त्या. त्या सीटवर कोण कोण बसतं. त्या अशाच तुझ्या पोटाला लावायच्या व्हय?"

आतनं सूनबाई म्हणाली, "आई, सीटवर कुणी बसलंच नव्हतं. थैलीच्या गाडीचा कंडक्टर सांगत होता ना. संभाजीनगरापासून गाडीत माणसं उभी, पण ती सीट थैलीनं धरलेली म्हणून कुणी हात लावला नाय. लोक थैलीला विचारत होते, कोण येणार हाय म्हणून."

"त्याच्या आधी बसलेच असतील की," आक्का म्हणाली. "दोन पाण्यानं काढल्या. आणि तू तिथं काय उभी राहिलीस? एसटीनं आलीस ना? आधी मोरीत."

आधी मोरीत. म्हणजे मी दुसऱ्या पाहुण्यांसारखीच. एरवी त्या बोलण्याचा मला राग यायचा. त्या दिवशी ते ऐकून माझे पाय हलके झाले. शेजारची बाई कुंपणावरनं म्हणाली, "आक्का, हे काय वाळत घातलं?" आक्कानं मान पण वळवली नाय. "माझ्या भैनीचं हाय," म्हणाली. "तुझं दूध उतू चाललं, ते बघ."

मोरीत मी दार लावायला गेले तर आक्का आत. "दार लाव. बघू काय केलंय तुझं." मी लुगडं सोडलं. ती वाकली आणि तिनं चष्मा लावून माझं पोट वाचलं.

"काचेचे सामान, जपून."

"एका खालानं लावून दिलं."

"बरोबर लिवलंय," आक्का म्हणाली आणि एक-एक पट्टी कोमट पाण्यानं सोडवायला लागली. नवऱ्यानं पण एवढ्या हळू कधी सोडवलं नाय. चकती निघाली, साहेब उघडे पडले. आक्कानं बघितलं, तोंड वाकडं न करता.

"लहान टमाट्यासारखं दिसतंय. दुखतं का?"

"नाय. त्याला हात लागलेला पण कळत नाय."

"मग तुझ्यापेक्षा बरं हाय. तू लगेच रडतीस."

तेव्हा मी रडतच होते.

नवी चकती मागितली तर सूनबाईनं फ्रीज उघडला. आक्कानं चकत्यांचा डबा औषध समजून फ्रीजमध्ये ठेवलेला, दूध आणि कोथिंबिरीच्या मधे. आता थंडगार चकती अंगाला चिकटत नाय. अंगाच्या उबेला धरावी लागते. आक्काची गुडघे शेकायची रबरी पिशवी होती. तिनं ती गरम पाण्यानं भरून आणायला लावली, तिच्यावर फडकं, फडक्यावर माझी चकती, चकतीवर स्वतःचा तळहात, आणि मोरीतल्या पाटावर बसून राहिली. मी अर्धी उघडी, अंगावर टॉवेल. बाहेर हे सूनबाईला सांगत होते, की अर्जाची एक प्रत आपल्याकडं ठेवायला पाहिजे होती.

चकती लागली. दोरीवरची एक पिशवी आली, उन्हाची कोमट. कट्‌ झालं.

जेवायला बसलो तेव्हा दुपार कलली होती. मी पाटावर बसले आणि मान खाली घालून बसले. बघायचं नव्हतं मला, किती ताटं येतात ते. एक भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाय. वर बघितलं तर तेच पितळी ताट, मधे ज्वारीची भाकर, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. पलीकडं आक्का, गुडघे धरून कण्हत बसत होती. तिनं भाकर मोडली, आमटीत बुडवली, घास माझ्याकडं सारला.

मी तोंडात घातला, आणि साहेब बोलले. चांगले मोठ्यानं. कालपासून उपाशी होते.

आक्काचा हात थांबला. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं.

"हे काय?"

"साहेब म्हणतो आम्ही त्याला. बोलतं ते मधे मधे."

"जेवताना बोलू नये म्हणावं," आक्का म्हणाली आणि स्वतःचा घास घेतला. त्याच ताटातला. माझ्या बाजूची चटणी पण तिनंच संपवली.

ताट उचललं आणि सूनबाई चहा घेऊन आलीच. आधण तिनं केव्हाच ठेवलं असावं. कप आक्कापुढं ठेवला आणि हात जोडल्यासारखी उभी राहिली. आक्कानं बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. आठ महिन्यांचा पहिला घोट. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"ह्याच्यापायी मी मरत होते व्हय," ती म्हणाली. "नुसतं पाणी."

मग तिनं बशी रिकामी केली, उरलेला ओतून घेतला, आणि रिकामा कप सुनेपुढं धरून म्हणाली, "आलं टाकून परत कर. आणि हिला पण दे अर्धा. का तिच्या साहेबाला चालत नाय?"